आठ पॉइंटातली नावं

मे महिन्यातली दुपार. मी बँकेत, रांगेत. कुरिअरवाल्याचा फोन आला, "मॅडम, गॅलरीत ठेवू का?" नेहमीसारखं प्रुफांचं पार्सल असेल म्हणून मी म्हटलं, ठेव. घरी पोचले तेव्हा पश्चिमेचं ऊन खात तो चौकोनी खोका भिंतीला टेकून उभा होता. आत साडेतीन हजारांची गाण्यांची ग्रामोफोन तबकडी. काढून बघते तर तिची एक कड भाजलेल्या पापडासारखी वर आलेली.

पुढचे तीन आठवडे तिला सरळ करण्यात गेले. फ्रेमवाल्याकडून दोन काचा आणल्या, मध्ये तबकडी, आणि वर घरातले सगळे जाडजूड शब्दकोश. "या घरात शब्दकोश नुसते पडून राहिलेले पहिल्यांदाच बघतोय," हे म्हणाले. शेवटी पापडाची फार तर वातड पोळी झाली. अजूनही सुई लाटेवरच्या होडीसारखी चढते-उतरते आणि स्वर हेलकावे खातो. या तबकडीवरच्या एका गाण्याचं नाव आहे 'ना बोका दो सोल', म्हणजे सूर्याच्या तोंडात. मला आधीच कळायला हवं होतं.

तर आता मी गाणी मोबाइलवर लावते आणि तबकडीचं नुसतं वेष्टन मांडीवर घेऊन बसते. खरं सांगायचं तर मला तेच जास्त आवडतं. तीस वर्षं मुद्रितशोधनात गेली. आधी सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात, आता घरी. पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटच्या पानावर जाते, जिथे टाइप सगळ्यात बारीक असतो. मुखपृष्ठावरची चूक कुणालाही दिसते. आठ पॉइंटातली चूक शोधायचे पैसे मला मिळतात. तबकड्यांच्या मागच्या बाजूलाही तसाच बारीक टाइप असतो: झांजा कुणी वाजवल्या, दुसरी बासरी कुणाची, ध्वनिमुद्रण कुठल्या खोलीत झालं. जॅझची आणि ब्राझीलच्या संगीताची गोडी मला अशी मागच्या दाराने लागली. आधी नावं वाचली, मग ती माणसं ऐकली.

आमच्या धंद्यात दोन वेगळे शब्द आहेत, पुनर्मुद्रण आणि नवी आवृत्ती. पुनर्मुद्रण म्हणजे जुन्याच चुका पुन्हा छापणं. नवी आवृत्ती म्हणजे मजकूर कुणीतरी परत वाचलाय, तपासलाय, राहून गेलेलं घातलंय. संगीतात सगळ्यालाच सरसकट 'रीइश्यू' म्हणतात आणि वर '१८० ग्रॅम' असा शिक्का मारतात. चिवड्यावर मारतात तसा. वजनाचं कौतुक मला कधी कळलं नाही. मी बघते ते हे, की आतल्या नावांचं काय केलंय.

ती वाकडी तबकडी आर्तुर वेरोकाई यांची. रिओचा हा माणूस शिकून स्थापत्य अभियंता झाला आणि कामाला लागला ते दुसऱ्यांच्या गाण्यांचं वाद्यवृंद-संयोजन करायला. जॉर्जी बेन, इव्हान लिन्स, सेलिया अशांच्या तबकड्यांवर त्यांचं नाव आहे, अर्थात मागच्या बाजूला. काँतिनेंताल या कंपनीने १९७२ मध्ये त्यांना स्वतःच्या नावाची एक तबकडी करू दिली. वय सत्तावीस. ब्राझीलमध्ये तेव्हा लष्करी राजवट होती, गाण्यांवर सेन्सॉरची कात्री होती, त्यामुळे शब्द आडवळणाचे. एका गाण्याचं नावच 'ग्रीक भेट'. ट्रॉयच्या लाकडी घोड्याची गोष्ट माहीत असलेल्याला पुरे. संगीत मात्र कुठेच दबकत नाही. तंतुवाद्यांचा मोठा ताफा सांबाच्या ठेक्यावर येऊन बसतो, मध्येच सोल या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या संगीतातल्या पितळी वाद्यांची फटकार, मध्येच कुणीतरी एकटाच गिटारवर गुणगुणतोय. आणि हे सगळं अर्ध्या तासाच्या आत आटोपतं. पहिल्यांदा ऐकून संपलं तेव्हा मी मोबाइल हलवून बघितला, बंद पडला की काय म्हणून.

तबकडी विकलीच गेली नाही. वेरोकाई जाहिरातींच्या जिंगल करायला लागले आणि त्यात वर्षानुवर्षं रमले म्हणा, अडकले म्हणा. दुसरी तबकडी यायला तीस वर्षं लागली. दरम्यान अमेरिकेतल्या हिप-हॉपवाल्यांना ही जुनी कुठेतरी सापडली, त्यांनी तिचे तुकडे कापून स्वतःच्या गाण्यांत लावले, आणि मूळ प्रतीची किंमत हजारो डॉलरांवर गेली. २००३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या युबिक्विटी कंपनीने ती पुन्हा काढली. २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका सभागृहात तीसेक वादकांसमोर उभं राहून त्यांनी ती अख्खी वाजवून घेतली. वय त्रेसष्ट. त्या मैफलीचं चित्रण पाहिलंय मी. पुढच्या रांगांत बसलेली बहुतेक पोरं तबकडी निघाली तेव्हा जन्मलेलीही नसावीत. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायटस कायोटी आणि कॅनडाच्या बॅडबॅडनॉटगुड या दोन तरुण बँडांनी आपापल्या नव्या तबकड्यांसाठी त्यांच्याकडूनच संयोजन करून घेतलं. म्हणजे पंच्याहत्तरीत गृहस्थ पुन्हा मागच्या बाजूवर. फरक एवढाच की आता लोक ती बाजू आधी उलटून बघतात.

याच तबकडीवर सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांत ओबेरदाँ मागाल्याइन्स हे नाव आहे. या माणसाने पुढे बांदा ब्लॅक रिओ नावाचा बँड काढला. सोल आणि सांबा एकाच पातेल्यात शिजतात हे ब्राझीलला त्यांनी दाखवलं. १९७७ ची त्यांची पहिली तबकडी लावली की आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचा पोछा दुप्पट वेगाने फिरतो. जास्त काही लिहीत नाही, ऐका.

ज्यॉइस मोरेनो यांच्याबद्दल मात्र थांबून लिहायला हवं, कारण त्यांची तबकडी मला खालच्या मजल्यावरच्या आजींनी वाचून दाखवली.

ज्यॉइस रिओच्याच. १९६७ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी एका मोठ्या गीतस्पर्धेत स्वतःचं गाणं पाठवलं. त्यात बाई 'माझा पुरुष' असं प्रथमपुरुषी एकवचनात बोलते. केवढा गहजब झाला! पुरुषांनी बाईच्या तोंडी घातलेली शेकडो गाणी चालत होती, पण बाईनेच 'मी' म्हटल्यावर ते असभ्य ठरलं. पुढे १९७७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये क्लाउस ओगरमन या नावाजलेल्या संयोजकाबरोबर त्यांनी 'नातुरेझा' नावाची तबकडी मुद्रित केली. सोबत मौरिसियो मायस्त्रो, तालवाद्यांवर नाना व्हास्कोन्सेलोस, सॅक्सोफोनवर मायकेल ब्रेकर. ओगरमनना गाणी इंग्रजीत हवी होती, ज्यॉइसना आपल्या भाषेत. ज्यॉइस ब्राझीलला परतल्या, तबकडी फडताळात गेली. लंडनच्या फार आउट कंपनीने ती काढली २०२२ मध्ये. पंचेचाळीस वर्षांनी. ओगरमन आणि नाना दोघेही २०१६ च्या मार्चमध्ये, एका दिवसाच्या अंतराने गेले. ज्यॉइस आहेत.

त्यात 'फेमिनीना' या गाण्याचा अकरा मिनिटांचा मोठा अवतार आहे. मुलगी आईला विचारते: आई, समजावून सांग ना, शिकव ना, बाई असणं म्हणजे काय? आई सांगते, ते केसांत नाही, नखऱ्यात नाही, बघण्यात नाही. हा अर्थ मला आजींनी सांगितला. आजी मूळच्या मडगावच्या, पंचाऐंशीच्या घरातल्या, गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य असताना त्यांच्या शाळेत सेगुंद ग्राव या टप्प्यापर्यंत शिकलेल्या. मी मोबाइल त्यांच्या कानाशी धरला. आजींनी डोळे मिटले, थोडं ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"कसलें गो हें पुर्तुगेज?"

"ब्राझीलचं आहे, आजी."

"तरीच. आमची प्रोफेसोरा 'दी' म्हणायची, ही 'जी' म्हणते. आम्ही असं म्हटलं असतं तर हातावर पट्टी बसली असती."

पण बंद कर म्हणाल्या नाहीत. अकरा मिनिटं ऐकलं. मधूनच एखादा शब्द ओळखीचा निघाला की पुटपुटायच्या. मग आमची चहाबरोबर शब्दांची मोजदाद सुरू झाली. चावी, साबण, इस्त्री, घमेलं, बिजागरी, पगार, पाव. सगळं पोर्तुगिजांनी ठेवून गेलेलं सामान, आपण रोज वापरतो आणि विसरतो. पोर्तुगीज लोक मात्र चावीला 'शाव्ह' म्हणतात, आणि ब्राझीलवाले 'शावी'. म्हणजे शेवटच्या अक्षरापुरते आपण रिओला जवळचे. काजू तर झाडासकट ब्राझीलहून आला, आणि नावही तिथल्याच तुपी लोकांचं. आजींनी बशीतला एक काजू उचलून बघितला आणि तोंडात टाकला.

"मग आईने काय सांगितलं शेवटी?" मी विचारलं.

"काय सांगणार? मुलीने पुन्हा तेच विचारलं."

सोलबद्दल म्हणाल तर यंदा मी एकाच तबकडीपाशी अडकून बसलेय. शिकागोचे चार्ल्स स्टेपनी. चेस कंपनीच्या कॅडेट शाखेतले संयोजक. रोटरी कनेक्शन, मिनी रिपरटन, टेरी कॅलियर, नंतर अर्थ विंड अँड फायर, या सगळ्यांच्या मागे हा माणूस उभा आहे. १९७६ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी वारले. स्वतःच्या नावाची एकही तबकडी नाही. घराच्या तळघरात एकटे बसून, एकेक वाद्य स्वतः वाजवून, टेपवर थरावर थर चढवत त्यांनी जे काही करून ठेवलं होतं ते मुलींनी जपलं. तीन मुली. २०२२ मध्ये शिकागोच्याच इंटरनॅशनल अँथेम कंपनीने त्यातून 'स्टेप ऑन स्टेप' काढली. मधेमधे मुलींचं बोलणंही आहे, वडिलांच्या आठवणी. हिला रीइश्यू म्हणायचं की नवी तबकडी? पहिली आवृत्तीच निघाली ती लेखक गेल्यावर शेहेचाळीस वर्षांनी. काही तुकडे अगदी कच्चे आहेत. ताल-यंत्राची टिकटिक, त्यावर एक ओळ, ओळ संपली की खेळ खलास. त्यांतल्याच एखाद्या ओळीचं पुढे मोठ्या स्टुडिओत पंचवीस वादकांचं गाणं झालेलं असतं. मला ती कच्ची ओळच आवडते. लेखकाचं हस्तलिखित बघायला मिळावं तसं वाटतं, खाडाखोडीसकट.

सगळेच असे परत येत नाहीत. पियानिस्ट तेनोरियो ज्युनियर यांची स्वतःच्या नावाची एकच तबकडी, 'एंबालो', १९६४ ची. तिच्या नव्या प्रती आज मिळतात. १९७६ च्या मार्चमध्ये ते विनिसियुस जी मोराइस आणि तोकिन्यो यांच्या साथीला ब्वेनोस आयरेसला गेले होते. एका रात्री हॉटेलातून काहीतरी खायला आणि औषध घ्यायला म्हणून बाहेर पडले. परत आले नाहीत. काही दिवसांतच अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली. २०२५ मध्ये, बोटांच्या जुन्या ठशांवरून, तेव्हाच बेवारस म्हणून पुरलेला एक देह त्यांचा होता असं सिद्ध झालं. 'एंबालो' ऐकताना हे माहीत नसेल तर बरं. इतकी आनंदी तबकडी आहे ती.

आता मूळ मुद्दा. हे सगळं लिहायला घेतलं ते खरं दोन आडनावांमुळे.

लंडनमध्ये १९६६ मध्ये 'इंडो-जॅझ स्वीट' नावाची तबकडी निघाली. संगीतकार जॉन मायर, कलकत्त्यात जन्मलेले, लंडनला स्थायिक झालेले व्हायोलिनवादक. सॅक्सोफोनवर जो हॅरियट, जमैकाचे. पाच जॅझवाले आणि पाच हिंदुस्थानी पद्धतीचे अशी दहाजणांची जोडी-पंगत. मी सवयीने मागची नावं वाचत गेले. सतार दिवाण मोतीहार. तबला केशव साठे.

मी पुन्हा वाचलं. साठे! मुंबईत जन्मलेले, पन्नासच्या दशकात लंडनला गेलेले केशव साठे. मग मी त्यांच्या मागेच लागले. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या फिलिंगेन गावी, ब्लॅक फॉरेस्टमध्ये, 'जॅझ मीट्स इंडिया'वर ते आहेत. सोबत पियानोवर स्वित्झर्लंडच्या इरेन श्वाइत्सर, तुतारीवर मानफ्रेड शूफ, सॅक्सोफोनवर बार्नी विलेन, आणि पुन्हा मोतीहार. त्यातल्या एका तुकड्याचं नाव 'ब्रिगाख अँड गँजेस'. ब्रिगाख म्हणजे फिलिंगेनची गावनदी. आपल्याकडे कुणी 'मुठा आणि मिसिसिपी' काढली असती तर हसले असते लोक. पुढे सत्तरच्या दशकात इंग्लंडच्या लोकसंगीतात, जॉन रेनबर्न यांच्या ताफ्यातही साठ्यांचा तबला वाजतोय. २०१२ मध्ये ते गेले. आमच्या पिढीने किती तबलावादकांची नावं घोकली, हे नाव माझ्या कानावर कुणी घातलं नव्हतं.

'इंडो-जॅझ स्वीट'मध्ये एक तुकडा गौड सारंगचा आहे. रागदारीच्या माणसाने तो ऐकायला बसू नये, कारण स्वर आहेत पण वळणं नाहीत. मायरनी सगळं कागदावर लिहून काढलंय आणि ते तसं ऐकू येतं. साठ्यांचा ठेका तेवढा लिहिलेला वाटत नाही. जॅझचा ड्रमर मागून रेटतोय, पुढून सॅक्सोफोन सुटलाय, आणि हे समेवर असे येतात, जसं काही गिरगावातल्या एखाद्या माजघरात बसलेत आणि घाई कुणालाच नाही. तो एक क्षण मी इतक्यांदा मागे नेऊन ऐकला की मोबाइल गरम झाला.

याच माणसांच्या वर्तुळात आमान्सियो डिसिल्वा होते, मुंबईत जन्मलेले मूळचे गोव्याचे गिटारवादक, १९६७ मध्ये लंडनला गेलेले. जो हॅरियटबरोबरची त्यांची 'हम दोनों' १९६९ ची. त्यात 'बॅलड फॉर गोवा' आहे, आणि नॉर्मा विन्स्टन शब्दांशिवाय नुसत्या आवाजाने वाद्यांच्या रांगेत उभ्या राहतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आणखी एक तबकडी मुद्रित केली, साठ्यांच्या तबल्यासकट. नाव 'कोकण डान्स'. कंपनीने काढलीच नाही. निघाली २००६ मध्ये, डिसिल्वा जाऊन दहा वर्षं झाल्यावर. तीसहून जास्त वर्षं लंडनच्या कुठल्यातरी कपाटात कोकणाचं नाव घेऊन एक टेप पडून होती आणि इकडे कोकणात कुणाला पत्ता नव्हता. त्यात कोकण किती आणि डिसिल्वांच्या मनातलं किती, हे मला ठरवता येत नाही. गिटारचा सूर मात्र वेगळाच आहे. जॅझच्या गिटारीसारखा गोल नाही, थोडा तारेवर घासून येणारा, दांडीवरचं ओलं धोतर वाऱ्याने फडफडावं तसा. मला ती 'हम दोनों'पेक्षाही आवडते, जाणकार काहीही म्हणोत.

आणि दुसरं आडनाव? मायरच्या त्या दहाजणांत तंबोऱ्यावर एक नाव आहे, चंद्रहास. आडनाव एका ठिकाणी पैगणकर वाचलं, दुसऱ्या ठिकाणी शेवटचा र गळालेला, नुसतं पैगंका. मोतीहारांचं पहिलं नावही कुठे दिवाण, कुठे देवान. हे पुनर्मुद्रणाचं लक्षण. चूक एकदा झाली की कॉपी करणारा ती इमानेइतबारे पुढे नेतो. तंबोऱ्याची साथ आधीच कुणी ऐकत नाही, त्यात नावही अर्धं.

नेटवरून उतरवून घेतलेल्या एका यादीचा कागद घेऊन मी खाली गेले. आजी भिंग घेऊन बसल्या. रोमन अक्षरं एकेक करून वाचली, परत वाचली.

"पैंगीणचा असणार हा. काणकोणाकडचं पैंगीण. परशुरामाचं देऊळ आहे बघ तिथे."

"म्हणजे पैंगणकर?"

"पैंगणकरच. दुसरं काय असणार?" भिंग कागदावर तसंच धरून आजींनी माझ्याकडे बघितलं. "पूण र खंय गेलो?"

मी केसात खोचलेली पेन्सिल काढली. शेवटच्या अक्षरापुढे खालून काकपद घातलं, समासात र लिहिला आणि त्याभोवती गोल केला. पूर्वी खिळे जुळवणाऱ्याला दिसावं म्हणून करत असू, तसा.